छप्पर शाबूत होतं

१

त्या सकाळी किंकाळी फोडली ती टॉपरनं. जिचं मॉडेल फुटलं होतं त्या चिमणीच्या तोंडून आवाजच निघाला नाही. ती स्टुडिओच्या दारातच मटकन खाली बसली आणि आपल्या टेबलाकडे बघत राहिली.

टेबलावर तिच्या अख्ख्या सत्राच्या कामाचा चुरा पडला होता. पुठ्ठ्याच्या भिंती चेचलेल्या, लाकडाचे बारीक खांब मोडलेले, आणि त्या ढिगावर आडवी पडलेली लांब स्टीलची पट्टी. पट्टीच्या पाठीवर नेलपॉलिशनं नाव रंगवलेलं होतं : काका.

हा काका कुणाचा काका नव्हे. बारावीनंतर काही वर्षं सुतारकाम करून मग आर्किटेक्चर शिकायला आला, म्हणून वर्गात वयानं थोराड. बोलायला फटकळ, हाताला कसबी. आदल्या दुपारीच त्याचं आणि चिमणीचं कॅन्टीनमध्ये सगळ्यांदेखत कडाक्याचं भांडण झालेलं. शिवाय वॉचमननं सकाळी सगळ्यात आधी त्यालाच जिना चढताना पाहिलेलं. त्यामुळे पहिला तास सुरू व्हायच्या आतच साऱ्या विद्यापीठानं निकाल देऊन टाकला होता.

मी इथं संख्याशास्त्र शिकवते आणि शिस्त समितीवर आहे. मुलं माझ्या पाठीमागे मला ‘एक्स-रे’ म्हणतात. मी संशयी आहे हे मला मान्यच आहे. घरात दूध उतू गेलं तरी मी आधी विचारते, गॅसजवळ कोण होतं?

डीनसाहेबांचा फोन आला. “मॅडम, दुपारी समिती बसवू आणि त्या मुलाचं नाव कमी करून टाकू. उद्या नव्या प्रवेशांचे पालक कॅम्पस बघायला येणार आहेत. घोळ लांबायला नको.”

“आणि चौकशी?”

“अहो, पट्टी सापडलीय ना!”

“पट्टीला हात नसतात, सर.”

“तुम्हाला दुपारपर्यंतचा वेळ आहे,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. म्हणजे काकाचं शिक्षण आता दुपारपर्यंतचंच. एवढ्या उशिरा शिकायला आलेल्या मुलावर असा ठपका बसला तर दुसरं कुठलंही कॉलेज त्याला दारात उभं करणार नव्हतं.

मी वर गेले. अजून कुणी मास्तर तिकडे फिरकले नव्हते. चिमणीला बाजूला घेतलं आणि सगळा चुरा तिच्याच हातानं एका खोक्यात भरवून खोकं माझ्या केबिनमध्ये कुलपात ठेवलं. तो भरताना एक गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपली.

भिंती, खांब, कट्टे, सगळ्याचा चेंदामेंदा झाला होता. छप्पर मात्र शाबूत होतं. खिडकीच्या कट्ट्यावर, उलटं करून, कुणीतरी अलगद ठेवलेलं.

रागाच्या भरात तोडफोड करणारा माणूस आधी छप्पर अलगद काढून ठेवेल कशाला?

२

माझी पद्धत साधी आहे. पाहणी करताना आम्ही सगळ्यांना एकच प्रश्न, त्याच शब्दांत विचारतो. मग कोण वेगळं उत्तर देतं ते आपोआप दिसतं. मी ठरवलं, प्रत्येकाला एवढंच विचारायचं : मॉडेल आतून कसं होतं, सांग बघू.

पहिली टॉपर. कॉफीच्या मशीनजवळ उभी होती, पण कप भरून घ्यायचं विसरली होती.

“मॅडम, तुमच्या मनात काय आहे ते कळतंय मला. आता सुवर्णपदक मलाच मिळणार.”

“मिळणार का?”

“मिळणार. मॉडेल नाही तर ज्युरी नाही, हा आमच्या विभागाचा नियम. ज्युरी म्हणजे शेवटची परीक्षा, भिंतीवर ड्रॉइंग, टेबलावर मॉडेल आणि समोर बाहेरून आलेले परीक्षक. मॉडेल नसेल तर ड्रॉइंगसुद्धा लावू देत नाहीत. दादासरांनीच केलाय नियम, मुलं शेवटी टंगळमंगळ करतात म्हणून.” ती थांबली. “चिमणी पहिली आली असती तर मला चाललं असतं... नाही, खोटं बोलले. चाललं नसतं. पण मी ते तोडलं नाही.”

खरं बोलणारी माणसं मला आवडतात, पण म्हणून मी त्यांना यादीतून काढत नाही. मी माझा प्रश्न विचारला.

“हॉस्पिटलमधल्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी निवारा आहे तो. मधे चौक, चारी बाजूंना झोपायचे कट्टे, आणि चौकातून वरच्या मजल्यावर जाणारा जिना. छप्पर बसवलं की यातलं काही बाहेरून दिसत नाही.”

“छप्पर सुटं असतं?”

“हो, सुटंच ठेवतो. पण दुसऱ्याच्या मॉडेलचं छप्पर आम्ही उचलत नाही हं! पहिल्या वर्षापासून अंगात भिनलंय ते. ज्यानं केलं तो उचलणार, नाहीतर तपासणारा.” मग तिनं उसासा टाकला. “आणि त्यात कालच बाहेरचे परीक्षक बदलले. आधीचे आजारी पडले. आता आजच्या ज्युरीला एक मोठ्या बाई येणारेत, स्पर्धांच्या परीक्षक वगैरे असतात. दुपारी नोटीस लागली तेव्हा सगळ्यांचीच पाचावर धारण बसली.”

काका मला वर्कशॉपमध्ये सापडला. लाकडाच्या तुकड्याला पॉलिशपेपर घासत बसला होता. मी आले तरी हात थांबवला नाही.

“भांडण कशावरून झालं?”

“जिन्यावरून.”

“म्हणजे? मॉडेल आतून कसं होतं, सांग बघू.”

“मॉडेल आतून बघितलंत तर कळलं असतं. चांगला चौक, चांगले कट्टे आणि मधे हा उभाच्या उभा जिना. मी तिला म्हटलं, हॉस्पिटलबाहेर बसणारी माणसं म्हातारी असतात, गुडघ्यांनी बेजार असतात. ती काय उडत जाणार वर? तर म्हणे, जिन्याऐवजी दुसरं काही करू का असं सरांना विचारलं होतं, सर नको म्हणाले. मी म्हटलं, तू होयबा आहेस. सरांनी उडी मार म्हटलं तर मारशील.” त्यानं पहिल्यांदा मान वर केली. “जरा जास्तच बोललो. सकाळी माफी मागायला लवकर आलो. दारातून बघितलं, स्टुडिओत कुणी दिसलं नाही, म्हणून परत फिरलो. तिचं टेबल पार्टिशनच्या पलीकडे आहे.”

“आणि तुझी पट्टी तिथं कशी गेली?”

“काल दुपारपासूनच ती सापडत नव्हती. स्टुडिओत कुणाची पट्टी कुणाकडे असते त्याचा काही नेम नाही.”

“हे समितीला पटेल असं वाटतं तुला?”

“नाही,” तो म्हणाला आणि पुन्हा घासू लागला. “माझ्या बहिणीला मात्र कसं सांगायचं ते सुचत नाहीये. तिनं सासरी सगळ्यांना सांगितलंय, भाऊ आर्किटेक्ट होणार म्हणून.”

मला त्याची कीव आली आणि माझा स्वतःचाच राग आला. संशय घेणाऱ्याला कीव परवडत नाही.

३

आर्किटेक्चर विभागात दादासरांच्या केबिनचं दार कधी बंद नसतं. कुणाला ताप आला, कुणाचं घरी बिनसलं, की मुलं पहिली धाव त्यांच्याकडे घेतात. म्हणूनच ते दादासर.

मी गेले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. त्यांनी स्वतः उठून मला कागदी कपात कॉफी ओतून दिली.

“तुम्ही स्टुडिओत जाऊन आलात?” मी विचारलं.

“नाही. हिंमतच झाली नाही. काल संध्याकाळी पाच वाजता घरी गेलो तो आत्ताच येतोय. चिमणी खाली भेटली, तिच्या तोंडाकडे बघवेना. वर जाऊन तो चुरा बघणं माझ्याच्यानं व्हायचं नाही, मॅडम.”

“आता तिचं पुढं काय?”

“मी आहे ना! तिला सांगितलंय, ज्युरीची कटकट नको. ड्रॉइंग गुंडाळून ठेव, कुणाला दाखवत बसू नकोस, उगाच जखमेवर मीठ. माझ्या हातात जे गुण आहेत त्यावर मी तुला पास करतो. पुढं शिकायचं असेल तर दुसरा विषय घे, हा विसरून जा.”

“आणि काका?”

“पोर तापट आहे, वाईट नाही. नाव कमी केलंत तरी पोलिसात देऊ नका, एवढं मी समितीला हात जोडून सांगणार आहे.”

याला म्हणतात दिलदारी. मी मात्र मनात म्हटलं, अहो, आधी त्यानं केलंय का ते तरी विचारा.

मी माझा ठरलेला प्रश्न टाकला.

दादासरांचा चेहरा उजळला. माझ्या वहीवरचं पेन त्यांनी उचललं आणि माझ्याच कपाच्या पांढऱ्या अंगावर रेघा मारू लागले. आर्किटेक्ट माणसाला हातात पेन नसलं की बोलता येत नाही, हे मी इतक्या वर्षांत बघितलंय.

“हा चौक. हे कट्टे. आणि चौकाला असा वळसा घालून हळूहळू वर चढत जाणारा उतार. त्याला काड्यांचा कठडा. आणि हे बघा, उताराच्या निम्म्यावर, दम खायला एक छोटासा बाक!” त्यांनी बाकाभोवती गोल काढला. “असा बाक शिकवून येत नाही, मॅडम. पोरीला जाण आहे.”

त्यांनी पेन आपल्या खिशाला लावलं. मी कप हातात घेऊन उठले. तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच होतं, की तिघांपैकी एकाचं उत्तर वेगळं आलंय. पण वेगळं उत्तर म्हणजे खोटं उत्तर असं नव्हे. कदाचित दादासरांचंच खरं असेल आणि पोरं चुकली असतील.

खरं काय ते सांगू शकणारी एकच व्यक्ती होती.

४

चिमणी हॉस्टेलच्या खोलीत गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. कोपऱ्यात ड्रॉइंगची गुंडाळी उभी होती.

“आईला फोन केलास?”

“नाही. काय सांगू? ती म्हणेल, जाऊ दे बाळा. ती सगळ्यालाच तसं म्हणते.” मग तिचं तिनंच बोलायला सुरुवात केली. “बाबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा आई पॅसेजमध्ये फरशीवर झोपायची. झोपायची सोय वर होती, पण तिला जिना चढवायचा नाही. निम्म्यावर थांबायची आणि भिंतीला धरून उभी राहायची. तिथं टेकायला काहीसुद्धा नव्हतं. हा विषय मी त्यासाठीच घेतला.”

“मग मॉडेलमध्ये जिना का केलास?”

ती बराच वेळ नखानं चादरीचा दोरा ओढत राहिली.

“मॅडम, सरांना सांगणार नाही ना?”

“सांग.”

“मी उतार विचारला होता. सर म्हणाले, जागा खातो, जिनाच कर. म्हणून ड्रॉइंगमध्ये सगळीकडे जिना आहे. कालच्या शेवटच्या तपासणीतही मॉडेलमध्ये जिनाच होता. काका मला होयबा म्हणाला तेव्हा त्याच्यावर इतकी चिडले! सगळे गेल्यावर एकटी बसले, जिना काढून टाकला आणि उतार केला. निम्म्यावर बाक बसवला. छप्पर लावलं, दिवे मालवले आणि खाली आले. सहा वाजून गेले होते.” तिनं डोळे पुसले. “सरांना ज्युरीतच कळलं असतं. काकालाही. कुणीच बघितला नाही तो बाक.”

माझ्या हातातली कॉफी केव्हाच गार झाली होती. मी कप फिरवून बघितला. त्यावर वळसा घेत जाणारा उतार होता, कठडा होता आणि निम्म्यावर बाक होता.

पाच वाजता घरी गेलेल्या आणि सकाळपासून स्टुडिओत पाऊल न टाकलेल्या माणसानं तो काढला होता.

५

पण का? ज्याला मुलं आपला सख्खा दादा मानतात त्या माणसानं आपल्याच विद्यार्थिनीचं काम का चेचावं? मी हॉस्टेलच्या पायऱ्यांवर बसून उलट बाजूनं विचार करू लागले.

मॉडेल मोडल्यानं काय झालं? चिमणीची ज्युरी टळली. ज्युरी टळल्यानं काय झालं? ड्रॉइंग गुंडाळीतच राहिली. दादासरांना ती तशीच राहायला हवी होती, ‘कुणाला दाखवत बसू नकोस’. कुणाला? विभागातल्या सगळ्यांनी तर ती सत्रभर पाहिली होती. न पाहिलेली व्यक्ती एकच, जी येणार असल्याचं काल दुपारीच कळलं होतं.

मी पुन्हा वर खोलीत गेले आणि चिमणीकडून गुंडाळी मागून घेतली.

समिती बसली तेव्हा डीनसाहेबांच्या हातात काकाचं नाव कमी करण्याचं पत्र टाइप होऊन तयार होतं. काका हात मागं बांधून भिंतीशी उभा होता. दादासर त्याच्याकडे करुणेनं बघत होते. आणि टेबलाच्या टोकाला पांढऱ्या केसांच्या परीक्षक बाई बसल्या होत्या. मी त्यांना ‘पाच मिनिटं या’ एवढंच सांगितलं होतं. त्यांना बघून दादासरांनी खुर्ची जराशी मागं सरकवली.

“मॅडम, बाहेरच्या पाहुण्यांना कशाला?” डीनसाहेब कुजबुजले.

“कळेलच.” मी टेबलावर ड्रॉइंग पसरलं. “बाई, हे जरा बघता?”

त्यांनी चष्मा चढवला, वाकून बघितलं आणि झटकन मान वर केली.

“हे तुमच्याकडे कसं आलं? या स्पर्धेचा निकाल अजून जाहीर झालेला नाही!”

डीनसाहेब ड्रॉइंगवर वाकले.

“कुठली स्पर्धा?” डीनसाहेबांनी विचारलं.

“निवाऱ्याची. भाग फक्त व्यावसायिक आर्किटेक्ट्सना घेता येतो. पाकिटावर नाव नसतं, नुसता क्रमांक. पण हा चौक मी कसा विसरेन? मी स्वतः याला मत दिलंय.”

“बाई, हे काम आमच्या विद्यार्थिनीचं आहे,” मी म्हटलं. “पाकीट कुणी पाठवलं ते तुमच्या कार्यालयात कळेलच. मला आज फक्त मॉडेल कुणी तोडलं ते सांगायचंय. दादासर, तुम्ही स्टुडिओत आज गेला नाहीत ना?”

“नाही म्हटलं ना.”

“आणि काल पाचनंतर?”

“घरी होतो.”

मी कप त्यांच्यापुढं ठेवला. “हा उतार आणि हा बाक चिमणीनं काल तुम्ही गेल्यावर केला. ड्रॉइंगमध्ये तो नाही, इथं जिना आहे. चुरा सकाळपासून माझ्या कुलपात आहे. बाक बघायचा तर काल संध्याकाळनंतर, मॉडेल मोडायच्या आधी, छप्पर उचलूनच बघायला हवा. आणि दुसऱ्याच्या मॉडेलचं छप्पर इथलं एकही पोर उचलत नाही. तपासणारा उचलतो, आणि सवयीनं बाजूला नीट ठेवतो.”

“पण पट्टी...” डीनसाहेब अजून पत्र धरून होते.

“काका, कालच्या तपासणीत सर कुणाच्या पट्टीनं दाखवत होते?”

काकानं कपाळावर हात मारला. “माझ्याच! सरांनी मागितली, मी दिली. सर रोजच कुणाची ना कुणाची घेतात, म्हणून लक्षातच राहिलं नाही.”

“चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. इथं तर चोराला आपण चोरी करतोय याचाच विसर पडलाय.” मी हात पुढं केला. “दादासर, तुमच्या खिशाला माझं पेन आहे. तेवढं द्या.”

त्यांनी खिशाकडे बघितलं. पेन काढून टेबलावर ठेवलं.

“पाकीट माझंच होतं. रात्री आलो तो नुसतं मोडून निघून जाणार होतो,” ते हळू आवाजात म्हणाले. “म्हटलं, एकदा आत बघावं. तर बाक दिसला. मी नको म्हटलेला उतार केला होता तिनं, आणि तो माझ्यापेक्षा चांगला होता. कितीतरी वेळ मी बघतच राहिलो.”

“आणि मग?” काकानं विचारलं.

दादासरांनी कप फिरवून बाक पलीकडे केला. मला त्यांच्या मास्तरकीचीच चीड आली. चांगलं काम दिसल्यावर त्याचं कौतुक केल्याशिवाय या माणसाला राहवलं नाही आणि तेच त्याला भोवलं. पण मोडताना त्याचा हात मात्र अडला नाही. कुंपणानं शेत खाल्लं होतं, वर भलत्याच्याच नावावर खपवलं होतं.

डीनसाहेबांनी ते टाइप केलेलं पत्र फाडलं. मला म्हणाले, “मॅडम, उद्या पालक येणार आहेत हो...”

“येऊ द्या,” मी म्हटलं. “त्यांना विचारायचं ते विचारतील.”

६

दादासरांची केबिन रिकामी झाली. कितीतरी मुलं रडली, चिमणीसुद्धा. ज्यानं आपल्याला शिकवलं त्याच्यावर नुसतं रागावता येत नाही, हे मी तेव्हा पाहिलं.

परीक्षक बाईंनी चिमणीची ज्युरी पुढं ढकलली. मॉडेल पुन्हा उभं राहिलं. भिंती टॉपरनं कापल्या, आणि वर म्हणाली, “मला बिनलढाईचं पदक नकोय.” खांब काकानं तासले. त्याची पट्टी मी त्याला परत केली होती, ती आता तो कुणालाही देत नव्हता. मी मागितली तरी नाही.

ज्युरीच्या दिवशी मी मागं उभी राहिले. बाईंनी ड्रॉइंग बघितली, प्रश्न विचारले. मग म्हणाल्या, “तुझ्या कामाला मी मत दिलं तेव्हा एकच शेरा मारला होता. इथली म्हातारी माणसं हा जिना चढणार कशी?”

रिवाजाप्रमाणे त्यांनी छपराकडे हात नेला आणि तिथंच थांबवला.

“नको. तुझं आहे, तूच उचल.”

चिमणीनं दोन्ही हातांनी छप्पर उचललं. बाई वाकल्या. चौकाला वळसा घेत उतार वर जात होता, आणि निम्म्यावरच्या बाकावर लाकडाची एक इवलीशी बाई बसली होती. एक हात गुडघ्यावर, पिशवी पायाशी.

“ही कोण?”

चिमणीलाही ती माहीत नव्हती. तिनं वळून काकाकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

“माझी आई आहे,” ती म्हणाली. “बसलीय एकदाची.”

मी बाहेर आले आणि उगाचच भिंतीवरची नोटीस वाचत उभी राहिले. माझे डोळे का भरून आले याची चौकशी मी केली नाही.